शेतावर राहायला जायचंय? जागेआधी तालुका पारखा

सप्टेंबरचा महिना, गणपती नुकतेच गेलेले. मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीखाली आम्ही दीड एकराचा तुकडा बघत उभे होतो. एका अंगाला पोटरीला आलेलं भात, वरच्या अंगाला काजूची जुनी झाडं आणि हद्दीवरून खळखळणारा पऱ्ह्या. बायकोने चपला काढून पाय पाण्यात सोडले, आणि सौदा मनातल्या मनात तिथेच पक्का झाला. एजंट म्हणाला, "बारमाही पाणी आहे साहेब." परतताना वाटेत एक म्हातारी गवताचा भारा टेकवून दम खात बसली होती. तिला सहज विचारलं, आजी, हा पऱ्ह्या कधीपर्यंत वाहतो?

"दिवाळीपर्यंत, बाबू. विहिरीला शिमग्यापर्यंत. मग खाली नदीवर."

इसाराचे पैसे खिशातच राहिले. पुढच्या मे महिन्यात मुद्दाम जाऊन पाहिलं, तर पऱ्ह्यात पांढरे धोंडे आणि त्यांच्या सावलीत बसलेल्या शेळ्या. त्यानंतर आम्ही जागा बघणं बंद केलं आणि तालुका बघायला लागलो. रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि मंडणगड हे दोन तालुके दीड वर्ष पालथे घातले, मग कुठे सातबाऱ्यावर नाव लागलं. घरापुरतं धान्य, भाजी, दोन गाई, थोडी कलमं आणि कायमचा मुक्काम असा ज्यांचा बेत आहे, त्यांच्यासाठी ही कामाची वाट लिहितो आहे. वीकेंडच्या बंगल्यासाठी यातलं निम्मं लागणार नाही.

सुरुवात स्वतःच्या कागदापासून

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला आडवं येतं. तुमच्या, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे राज्यात कुठे सातबारा आहे का, हे आधी शोधा. वारसनोंद राहिली असेल तर ती लावून घ्या, आणि शेतकरी असल्याचा दाखला हातात आल्याशिवाय एकही जागा बघायला जाऊ नका. "दाखल्याचं आम्ही बघतो" म्हणणारे भेटतात. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार कलम 84 क खाली अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, तेव्हा अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. कागद निघालाच नाही तर बिनशेती प्लॉट किंवा गावठाणातलं जुनं घर हा पर्याय उरतो. त्याच्या परसात भाजी आणि कोंबड्या होतात, भात होत नाही.

तालुका एकसारखा नसतो

दापोली म्हटलं की लोकांना मुरुड-कर्दे-लाडघरची वाळू दिसते. तो समुद्रपट्टा हॉटेलवाल्यांचा आहे. तिथल्या भावात शेती बसत नाही आणि शेताच्या बांधाला रविवारी गाड्या लागतात. दुसरा पट्टा खाडीकाठचा. दापोलीच्या दक्षिणेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, मंडणगडच्या उत्तरेला सावित्रीची बाणकोट खाडी. माती छान, पण विहिरीचं पाणी उन्हाळ्यात चाखूनच घ्यायचं, कारण मचूळ निघतं. तिसरा पट्टा सड्याचा. वर उघडा जांभ्याचा कातळ, पावसात रानफुलांनी भरलेला, ऑक्टोबरनंतर तव्यासारखा. चौथा म्हणजे आतल्या दऱ्यांमधल्या वाड्या: उतारावर घरं, खाली भातखाचरं, मध्ये झाडी. घरापुरती शेती जमते ती बहुधा या चौथ्या पट्ट्यात, आणि एजंट सगळ्यात कमी दाखवतात तोही हाच, कारण तिथून समुद्र दिसत नाही.

देशावर बघत असाल तर पट्टे पावसाने ठरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका आणि घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही आत. तेव्हा "तालुक्याचा सरासरी पाऊस" या आकड्यावर जाऊ नका. महसूल मंडळनिहाय नोंदी असतात, त्या बघा.

पाणी: मे महिन्याची फेरी

दापोलीत साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढं पाणी पडूनही एप्रिलमध्ये टँकर येतो, याचं नवख्या माणसाला नवल वाटतं. जांभा चाळणीसारखा असतो. पाऊस मुरतो, पण थांबत नाही. खालच्या थरावरून सरकत झऱ्यांनी बाहेर पडतो आणि समुद्राला मिळतो. म्हणून दरीच्या तळाशी, जिथे हे झरे फुटतात, तिथली विहीर टिकते, आणि तिच्यावर दोनशे फूट उंचीची मार्चमध्ये आटते.

पहिलं काम पंचायत समितीत. दरवर्षी तालुक्याचा पाणीटंचाई आराखडा होतो आणि त्यात कोणत्या गावच्या कोणत्या वाडीला टँकर लागेल, हे वाडीच्या नावासकट असतं. मागची तीन-चार वर्षं मागून घ्या, नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ज्या वाडीचं नाव दरवर्षी येतं ती यादीतून काढा. तिथे नळयोजना झाली असली तरी काढा, कारण ती प्यायच्या पाण्यापुरती असते. दुसरं दार भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं. त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. पैकी मेची नोंद तुमच्या कामाची.

मग घरचा हिशोब मांडा. चार माणसांना रोजचे चारशे लिटर, दोन गाईंना शंभर. तीन गुंठे भाजीला, गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर आणि उन्हाळ्यात रोज चार मिलिमीटर धरलं, तर बाराशे लिटर. ठिबक आणि पालापाचोळ्याचं आच्छादन केलंत तर सात-आठशेवर येईल. म्हणजे रोज साधारण बाराशे ते सतराशे लिटर, दिवाळीपासून मृगापर्यंत.

विहीर एवढं देते का, हे मे महिन्यात मोजायला दीड तास पुरतो. मी अजूनही कुणाची जागा बघायला गेलो की डिझेल पंप, दोरी आणि खडू घेऊन जातो. मालकाच्या परवानगीने पाणी हातभर खाली उपसायचं, दोरीला खूण करायची आणि तासाने पुन्हा मोजायचं. तीन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत दहा सेंटिमीटर पाणी चढलं म्हणजे सुमारे सातशे लिटर आलं. तासाला एवढं येत असेल तर डोळे झाकून पुढे जा. तासाभरात जवळपास काहीच चढलं नाही, तर विहीर कितीही खोल आणि बांधीव असो, ती हौद आहे. आम्ही अकरा विहिरी मोजल्या आणि तीन पास झाल्या. त्यातल्या एकीत तर मालकाने आदल्या रात्री टँकर ओतला होता, कारण पाण्याला ब्लीचिंगचा वास येत होता.

बोअरवेलचं म्हणाल तर तळहातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या प्रत्येक वाडीत आहे आणि त्याच्या फसलेल्या बोअरबद्दल कुणी बोलत नाही. शेजारच्या शेतांतल्या कोरड्या बोअर मोजा. दहा घरांपैकी सहांच्या अंगणात टोपण घातलेला पाइप दिसला तर तुमच्या अंगणात चमत्कार होणार नाही.

छपराचं पाणी मात्र हमखास. हजार चौरस फूट छपरावर साडेतीन हजार मिलिमीटर पडलं आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी अडीच लाख लिटरच्या वर भरतं. अडचण साठवण्याची. घराच्या पिण्या-वापरण्याचं लाखभर लिटर टाक्यांत साठवता येईल, भाजीचं नाही. शेततळं करायचं तर जांभ्यात प्लास्टिक अंथरल्याशिवाय ते टिकत नाही. कलमांपुरतं कोकणात जलकुंड करतात: चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा, आत प्लास्टिक, चार हजार लिटर पाणी. पऱ्ह्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घातला तर खालच्या विहिरीचं पाणी काही आठवडे लांबतं. गावात असे बंधारे दरवर्षी घालत असतील, तर गाव अजून एकत्र काम करतं हेही कळतं.

माती

यावर फार शब्द खर्चत नाही. पहार आणि फावडं घेऊन तीन ठिकाणी खड्डा काढा. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा लागतो, काजूला साठेक सेंटिमीटर. फुटाखाली खणखण आवाज आला तर तो कातळ आहे, आणि तिथे बाग करायची म्हणजे माती विकत आणायची. जांभी माती आम्लधर्मी असते, स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. चुना आणि शेणखताने सुधारते, घाबरायचं कारण नाही. दापोलीत 1972 पासून कोकणचं कृषी विद्यापीठ आहे. तिथे माती तपासून घ्या आणि रोपवाटिकेत जाऊन वेंगुर्ला जातीच्या काजूच्या कलमांबद्दल विचारा. कृषी विद्यापीठ हाताशी असणं ही तालुक्याची मोठी जमेची बाजू, पण जागा शोधणारे तिचा विचार क्वचितच करतात. गाईचं म्हणाल तर लहान चणीची कोकण कपिला उतारावर चरते आणि पावसात तग धरते. दूध थोडं देते, पण तेवढ्यात घर भागतं.

सातबारा उघडा आणि नावं मोजा

कोकणात जमीन अडते ती बहुतेक वेळा सामाईक नावांत. आम्हाला आवडलेल्या दुसऱ्या जागेच्या सातबाऱ्यावर सदतीस नावं होती. त्यातले अकरा मयत, चौघे मुंबईत पत्ता नसलेले आणि एक काका ज्याचं कुणाशीच पटत नव्हतं. विकणारा म्हणत होता, माझा हिस्सा ठरलेला आहे, कब्जा माझा आहे. तोंडी वाटप गावात सगळे मानतात, पण दुय्यम निबंधकापुढे सह्या लागतात. त्यामुळे तालुका निवडतानाच गावागणिक चार-पाच सातबारे ऑनलाइन उघडून बघा. जिथे हिस्से फोडलेले आणि नावं मोजकी, त्या गावात शोध घ्या.

सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात जीव असतो. तिथे कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, कलम 43 चा शेरा (कुळकायद्याने मिळालेल्या, म्हणजे 32 ग च्या जमिनी खोतीच्या मुलखात भरपूर आहेत आणि त्यांच्या विक्रीला अटी आहेत), भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), आदिवासी खातेदार किंवा खाजगी वन असं काही दिसलं तर थांबा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीविना घेता येत नाही. खाजगी वनाची नोंद 1975 च्या कायद्याची आहे. झाडं नसलेल्या, गवताळ वरकस जमिनीवरही ती असू शकते आणि तिथे घर बांधणं विसरायचं. जुने फेरफार निदान तीस वर्षं मागे काढा. हाताने लिहिलेल्या फेरफारात जे सापडतं ते संगणकाच्या सातबाऱ्यात कधी कधी गळलेलं असतं.

आकाराचंही बघा. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं, त्याखालचा तुकडा पाडून घेता येत नाही. शेतघरासाठी मात्र किमान चाळीस गुंठे जमिनीचा आकडा डोक्यात ठेवा, आणि नियम बदलत असतात म्हणून तहसील कार्यालयात ताजी स्थिती विचारा. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावांच्या याद्या आहेत. 31 जुलै 2024 चा मसुदा उघडून आपलं गाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

रस्ता नकाशावर हवा. "वर्षानुवर्षं इथूनच जातो" या पाखाडीवर (पायवाटेवर) उद्या गडगा (दगडी कुंपण) उभा राहिला, तर मामलेदार कोर्टात खेटे घालाल. बैलगाडीची वाट आहे म्हणतात तिथे चिऱ्याचा ट्रक जातो का, हे स्वतः चालत मोजा. आमच्या जागेपासून ट्रक दोनशे मीटर अलीकडे थांबतो. घराचा प्रत्येक चिरा डोक्यावरून आला, आणि तो खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात नव्हता.

वानर, डुक्कर, वणवा, वारा

आठवडा बाजारात एक चक्कर मारा आणि भाजी कुठून आली ते विचारा. वांगी, कोबी, टोमॅटो घाटावरून ट्रकने आलेले निघतील. पाऊस आहे, माती आहे, मग इथे भाजी का होत नाही? पाणी आणि मजूर ही दोन उत्तरं आहेतच. तिसरं उत्तर कौलांवर बसलेलं असतं. वानरं आणि माकडं एका सकाळी वालाचा मांडव साफ करतात, डुकरं रात्रीत भाताचं खाचर लोळवतात, साळिंदर नारळाची रोपं मुळाशी पोखरतं. वाडीतल्या बायकांना विचारा की परसात काय लावायचं सोडलं. "भुईमूग सोडला, मका सोडला, केळी सोडल्या" अशी यादी लांबली, तर कुंपणाचा खर्च जमिनीच्या किमतीत मिळवा. आमच्याकडे हळद, सुरण, आलं, मिरी टिकतं, बाकी सगळं जाळीखाली.

फेब्रुवारीपासून डोंगरांना वणवे लागतात. कुठल्या अंगाने आग येते ते झाडांच्या बुंध्यांवर वाचता येतं. काळे बुंधे ज्या बाजूला, त्या बाजूला दरवर्षी तीन-चार मीटरची जाळरेषा काढावी लागेल. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या आणि काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. तेव्हा विहिरीवर रहाट असलेली घरं निभावली. सोलर आला तरी आमच्या विहिरीवर रहाट आहे.

दरडीचं गमतीवारी नेऊ नका. 22 जुलै 2021 ला महाडचं तळिये आणि खेडमधलं पोसरे, दोन्हीकडे डोंगर घरांवर आला. घराची जागा तीव्र उताराच्या पायथ्याला किंवा वरून येणाऱ्या घळीच्या तोंडाशी नको. उतारावरचे खांब, झाडं तिरकी झुकलेली, जमिनीत अर्धवर्तुळाकार भेगा, पावसात नव्याच ठिकाणी फुटलेला गढूळ झरा, यातलं काही दिसलं तर दुसरी जागा बघा.

दवाखान्याचं अंतर मिनिटांत

रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी प्रसिद्ध आहे. वीतभर साप, पण गवत कापताना हाताला लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सरळ विचारा: सर्पदंशाची लस आत्ता, या क्षणी, शिल्लक आहे का? रात्री डॉक्टर कुठे राहतात? विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झाले, पण गोळी वेळेत मिळायला हवी. उपजिल्हा रुग्णालय दापोलीत आहे. रात्री नऊ वाजता, पावसात, गाडीने किती मिनिटं लागतात ते एकदा चालवून बघा. आमची बावन्न मिनिटं आहेत. मान्य केली, पण माहीत असून मान्य केली. रेल्वेसाठी दापोलीहून खेड तीसेक किलोमीटर. शाळा आणि मोबाइलची रेंज यांबद्दल मी काही सांगत नाही, ते सगळेच बघतात.

वाडीत दिवे किती लागतात

मे महिन्यात वाडी मुंबईकरांनी गजबजते, गणपतीत तर पाय ठेवायला जागा नसते. खरी वाडी जानेवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी सातला दिसते. आम्ही एका वाडीत उभे राहून मोजलं: चाळीस घरं, नऊ दिवे, आणि त्यातल्या सात घरांत साठीच्या पुढची माणसं. लावणीला माणूस मिळेल का, झाड पडलं तर ओढायला कोण येईल, याचं उत्तर त्या नऊ दिव्यांत आहे. आंब्याच्या बागांत नेपाळी कामगार का दिसतात तेही तिथेच कळतं. शेवटी जी वाडी निवडली तिथे एकोणीस दिवे होते आणि दोन घरांतून लहान मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

गावकीशी आधीच बोला. देवळाची वर्गणी, पालखी कुठल्या वाटेने येते, तुमच्या जागेत एखादं राखणदाराचं ठिकाण आहे का, विहिरीवर कुणाचा पिढीजात हक्क आहे, हे कुठल्याच उताऱ्यावर नसतं. आमच्या जागेत एक शेंदूर लावलेला धोंडा आहे. वर्षातून एकदा तिथे नारळ फुटतो, त्या दिवशी फाटक उघडं ठेवायचं, एवढंच.

एक पाऊस भाड्याने

शक्य असेल तर पसंतीच्या गावात जून ते सप्टेंबर खोली घेऊन राहा. अकरा महिन्यांच्या करारावर बंद घरं मिळतात. जुलैत सलग नऊ दिवस ऊन दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, पुस्तकांना आणि चपलांना बुरशी येते, पाचव्या दिवशी दोघांचं एकमेकांशी पटेनासं होतं. तिथे एकटी राहू शकेन का, हे माझ्या बायकोने त्या चार महिन्यांत ठरवलं. मी ठरवलं नाही.

यानंतरही तीच जागा हवी असेल तर इसार द्या, पण इसारपावतीत तीन गोष्टी लिहून घ्या: भूमी अभिलेखची मोजणी होऊन खुणा दाखवल्यानंतरच उरलेली रक्कम, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड, आणि रस्त्याची नोंद. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलवा, त्यांना चहा-भजी द्या आणि हद्दीचे दगड त्यांच्यादेखत पुरा. आमच्या मोजणीत वरच्या अंगाचा गडगा सव्वा मीटर आत निघाला. शेजारचे तात्या म्हणाले, "माझ्या बापाने घातला होता, मला ठाऊक होतं." तो आम्ही तसाच ठेवला. त्यांची विहीर आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे.